गुरगुरला की थांबा

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्याला हाक मारायला मला आता तोंड राहिलेलं नाही, मग कागदावर तरी कशाला घ्यायचं. नावावाचून अडणारही नाही. गोष्ट साधीच आहे. एक कुत्रा होता, त्याला मी गप बसायला शिकवलं, आणि त्याच्या जिवाचं वाटोळं केलं.

बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरकी केली. माझ्या वर्गात माशी घोंगावली तरी ऐकू यायची असं लोक सांगायचे, आणि लग्नाकार्यात कुणी ते सांगायला विसरलं तर मी आठवण करून द्यायचो. वर्ग गप आहे म्हणजे वर्ग शिकतोय, एवढंच मला कळत होतं. रिटायर झाल्यावर ताडकळसला गावाच्या कडेला चार खोल्या बांधल्या आणि बायको, मुलगी अन् मी तिथं राहायला आलो. बायको माझं ऐकत नाही, मुलगी ऐकून घेते आणि आपलंच करते. त्यामुळं गप करायला मला घरात कुणी उरलं नव्हतं.

कुत्रा मुलीनं आणला. बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडवर भज्यांच्या गाड्याखाली कुणाची तरी लाथ खाऊन ओरडत होता, तो तिनं ओढणीत गुंडाळून घरी आणला. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा पडलेला. बायको म्हणाली, "आणलाच हाय तर राहू दे, पण घरात घेऊ नको." आठवडाभरात तो माझ्या बाजेखाली झोपायला लागला आणि पहाटे बायकोच्या मागं चुलीपाशी जाऊन बसायला लागला. तिच्या हातची भाकरी तो जसा खायचा, तसं तिच्या संसारात तिच्या भाकरीचं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नसेल, मी तर नाहीच.

दीड वर्षाचा झाला तेव्हा मुलीला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, चहा चालला होता. मुलाचे वडील माझ्या बाजेवर बसले होते आणि खाली हा हाडूक चघळत पडला होता. पाहुण्यांनी पाय हलवला, तो ह्याच्या तोंडाजवळ गेला. हा गुरगुरला. चावला नाही, उठलासुद्धा नाही, नुसता गुरगुरला. पाहुण्यांच्या कपातला चहा धोतरावर सांडला.

आमच्याकडं दारात आलेल्या माणसावर घरातलं कुणी आवाज चढवत नाही. वैरी आला तरी आधी पाणी देतात. आणि सोयरिकीला आलेल्या माणसावर घरातलं कुत्रं गुरगुरतं म्हणजे घराला वळण नाही, असंच लोक धरतात. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटावरची जुनी छडी मी काढली, पाहुण्यांच्या देखत त्याला बाजेखालून ओढला आणि तोंडावर हाणली. पाहुणे म्हणाले, "राहू द्या मास्तर, जनावर हाय." पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, ते मी पाहिलं. सोयरीक जमली नाही ती दुसऱ्याच कारणानं. छडी मात्र त्या दिवसापासून कपाटावर परत गेली नाही, दाराच्या खिळ्याला लटकली.

मग तो गुरगुरला की छडी. दूधवाल्यावर गुरगुरला, छडी. ताटाजवळ बायकोचा पाय गेला आणि घशातून बारीक आवाज आला, छडी. मुलगी भांडायची. "पप्पा, तो काय सांगायलाय ते तरी बगा." मी म्हणायचो, "सांगायलाय काय, माजलाय." दोन-अडीच महिन्यांत त्याचं गुरगुरणं बंद झालं. पूर्ण बंद. येणारे-जाणारे म्हणायचे, मास्तरनं कुत्र्याला सुद्धा शिस्त लावली. ते ऐकून मी फुगायचो, हे कबूल करतो.

एके दिवशी बायको त्याचं ताट उचलायला वाकली. ताटात भाकरीचा तुकडा शिल्लक होता, तिला दिसला नाही. ह्यानं आवाज काढला नाही. तोंड उघडलं आणि तिचा उजवा हात धरला. सोडला तेव्हा अंगठ्याखालचं मांस उघडं पडलं होतं. इंजेक्शनं झाली, पट्टी झाली, आणि महिनाभर घरात भाकऱ्या मी थापल्या. त्या कशा झाल्या असतील ते सांगायला नको. ती त्या न बोलता खायची, आणि कुत्रा दारात दिसला की हात पदराखाली घ्यायची. तिला हात दुखल्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. "काहीच बोललं न्हाई गं ते," ती मुलीला पुन्हा पुन्हा सांगायची. "माझ्याच हातचं खातंय, अन् काहीच बोललं न्हाई."

कुत्रा घरात नको, असं ती म्हणाली. मुलीनं तिचे पाय धरले. शेवटी बायको म्हणाली, "एक डाव ऐकते तुझं. पुन्हा कुणाला चावलं तर मी कुणाचंच ऐकणार न्हाई." मुलीनं कबूल केलं, मीही केलं. पुन्हा एकदा दात लागला तर तो जाणार, हे तिघांत ठरलं. चौथ्याला ते कळायचा प्रश्नच नव्हता.

मुलगी त्याला परभणीला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली, मला सोबत ओढून. डॉक्टरीण बाई माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींपेक्षा फार मोठी नसेल. तिनं त्याला तपासलं, दुखणं काही नाही म्हणाली, आणि मला विचारलं, "सर, हा गुरगुरतो का?" मी अभिमानानं सांगितलं, नाही, ती सवय मी मोडली. ती म्हणाली, "कुत्रं घाबरलं, किंवा त्याला नको वाटलं, तर आधी गुरगुरून सांगतं. तुम्ही त्याची भीती घालवली नाहीत. फक्त सांगणं बंद केलंत. आता तो सरळ चावणार." बत्तीस वर्षांत किती पोरांचं सांगणं मी असं बंद केलं असेल, हा हिशेब परतीच्या एस.टी.त सुरू झाला, तो अजून चालूच आहे.

बाईंनी शिकवलं ते आम्ही शिकलो. मी वही केली. झोप आलेली नसताना जांभई देतो. खायला काही नसताना जीभ नाकावर फिरवतो. तोंड दुसरीकडं वळवतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसायला लागतो. अंग ताठ करतो, शेपटी हलवायची थांबवतो. हे सगळं तो पहिल्यापासून करत होता, मी कधी पाहिलं नव्हतं. छडी मी स्वतः मोडून चुलीत घातली. खाताना त्याच्याजवळ कुणी जायचं नाही. गेलंच तर लांबून भाकरीचा तुकडा टाकायचा आणि माघारी फिरायचं, म्हणजे माणूस जवळ येतो तो घ्यायला नाही, द्यायला येतो, हे त्याला पटावं. तोंडाला घालायची जाळी आणली. ती जबरदस्तीनं चढवायची नाही असं बाईंनी बजावलं होतं. जाळीत तुकडा धरायचा आणि त्यानं आपणहून नाक आत घालेपर्यंत वाट बघायची. वाट बघणं हे काम मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. पंधरा दिवसांनी तो जाळी दिसली की नाक पुढं करायला लागला.

मुलीनं माझी एक जुनी पाटी दारावर टांगली. तिच्यावर खडूनं लिहिलं: गुरगुरला की थांबा. रागावू नका. मागं सरा. वाचून शेजारीपाजारी हसायचे. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापुढं मागं सरणारं घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

थंडी सरायला आली होती तेव्हाची दुपार. तो ओसरीवर पोत्यावर पडला होता. पोतं उन्हात टाकावं म्हणून मी त्याचं टोक धरलं. आणि त्याच्या घशातून आवाज आला. बारीक, खरखरीत, जुन्या नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा. माझा उजवा हात आपोआप वर गेला होता. मी तो खाली घेतला, पोतं सोडलं, दोन पावलं मागं सरलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आवाज थांबला, अंग सैल पडलं, आणि त्यानं पोत्यावर शेपटी आपटली. मला रडू फुटलं. मी आत जाऊन ओरडलो, "गुरगुरला, माझ्यावर गुरगुरला." मुलगी धावत बाहेर आली. बायको म्हणाली, "कुत्रं गुरगुरलं म्हणून रडायलेत. आता पेढे वाटा गावात." पण संध्याकाळी तिनं त्याच्यासाठी भाकरी थापली आणि लांबून का होईना, स्वतःच्या हातानं टाकली. चावल्यापासून कुत्र्यासमोर तो हात पहिल्यांदाच पदराबाहेर आला होता. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो आपण.

नंतरचं लिहायला हात जड होतो. पण मुलीनं ते पाहिलंय, म्हणून लिहिलंच पाहिजे.

जयंतीचा दिवस होता. सकाळी विहारात वंदना झाली, पंचशील म्हटलं, घरी खीर-पुरी. मानवतहून दादा आला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. वडील गेल्यावर त्यानं जिनिंगवर कापसाची हमाली केली आणि मला डी.एड.ला घातलं. त्याच्या खांद्यावर अजून गाठींच्या खुणा आहेत. आमच्या घरात दादाच्या शब्दापुढं शब्द होत नाही. तो खुर्चीवर बसल्याशिवाय मी आजही बसत नाही.

रस्त्यावर सकाळपासून डीजे वाजत होता. भिंती हादरत होत्या. कुत्र्याला मागच्या अंगणात लिंबाखाली बांधलं होतं. तो जांभया देत होता, जीभ फिरवत होता, डोळ्यांचे कोपरे पांढरे दिसत होते. वहीतलं पान न् पान त्याच्या अंगावर होतं. एप्रिलचं ऊन, धापा टाकत होता म्हणून जाळी मीच काढली. बांधलेलाच आहे, कोण जातंय तिकडं, असं वाटलं.

जेवण झाल्यावर दादा हात धुवायला मागं गेला. दादाला कुत्र्यांचा लळा आहे. ताटातली पुरी त्यानं हातात ठेवली होती. मी मागोमाग गेलो, माझ्या मागं मुलगी, आणि जेवायला आलेले चार पाहुणे दारात उभे. दादा त्याच्यासमोर वाकला, "ये बाबा, ये." आणि हा गुरगुरला. स्वच्छ, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तोंड वळवून, मागं सरकत, दोर ताठ होईपर्यंत सरकत. जेवढं आम्ही सहा महिने घोटून घेतलं होतं तेवढं सगळं त्यानं केलं.

दादा तसाच वाकलेला राहिला. मग माझ्याकडं वळून हसत म्हणाला, "आरं, माझ्यावर गुरगुरायलंय हे?" दारातले पाहुणे हसले. दादाही हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी म्हणायला पाहिजे होतं, दादा, मागं सरा. एवढे तीन शब्द. पाटीवर रोज वाचत होतो. दादाला मागं सर म्हणायचं, चारचौघांत, ते पण एका कुत्र्यापायी. जीभ उचलली नाही. आणि तोंडातून बाहेर पडलं ते बत्तीस वर्षांचं घोटीव, "ए, गप!" हातही वर गेला.

तो गप झाला. लगेच. आवाज मध्येच तुटला, आणि त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं.

"बघा," दादा पाहुण्यांना म्हणाला, "मास्तरचं कुत्रं हाय. ऐकतंय." आणि त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दादाच्या मनगटाला सात टाके पडले. सरकारी दवाखान्यात इंजेक्शन देताना डॉक्टरनं विचारलं, कुत्रं घरचं का, लस दिलेली का, छेडलं होतं का. शेवटी विचारलं, "आधी गुरगुरलं होतं का?" बाकड्यावर दादा बसला होता, डोळे मिटून. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, "न्हाई. एकदम चावलं." डॉक्टरनं लिहून घेतलं आणि सांगितलं, दहा दिवस कुत्रं बांधून ठेवा, लक्ष ठेवा, मरायला नको.

बाहेर आल्यावर मुलगी एवढंच म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं, पप्पा." आवाज चढवला नाही. माझ्याशी ती शेवटचं मोकळेपणी बोलली ते हेच.

दादानं रागही धरला नाही, तो धरला असता तर बरं झालं असतं. "ठेवू नको रे हे," म्हणाला, "उद्या लेकराबाळाला चावलं तर?" बायको काही बोललीच नाही. तिची अट ठरलेली होती आणि तिची आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी जर सांगितलं असतं की ह्यानं इशारा दिला होता, तो मी दाबला, तर कदाचित तिनं ऐकलं असतं. ती ऐकणारी बाई आहे. तिच्या जखमेचं दुखणंच हे होतं की कुत्रं काही बोललं नाही. आणि ह्या वेळी ते बोललं होतं. पण मग दादाच्या टाक्यांचा धनी मी झालो असतो. म्हणून मी गप बसलो, आणि दोष कुत्र्यावर राहू दिला.

ते दहा दिवस कसे गेले म्हणून सांगू. तो लिंबाखाली बांधलेला, खाऊन-पिऊन धडधाकट. दहा दिवस जगला तर तो पिसाळलेला नाही हे सिद्ध होणार, आणि सिद्ध झालं की त्याला घालवायचं. मुलगी परभणीत फोन करत होती, कुत्री सांभाळणाऱ्या माणसांना, मैत्रिणींना, त्या डॉक्टरीण बाईंना. दोनदा चावलेलं कुत्रं घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी मात्र विचारलं, "तो गुरगुरला नव्हता का?" मुलीनं फोन कानाला धरूनच माझ्याकडं पाहिलं. "विचारून सांगते," म्हणाली. तिनं मला विचारलं नाही.

एक जण म्हणाला, भाकरीत औषध घाला, काम संपलं. मी त्याच्यावर उखडलो. आपण पंचशील पाळणारी माणसं, जीव घेणार नाही, म्हणालो. लांब सोडून येऊ. हे म्हणताना मला फार मोठं काही पाळल्यासारखं वाटलं होतं, त्याची लाज आता वाटते. गावात वाढलेला, भाकरीवर पोसलेला कुत्रा परक्या शिवारात परक्या कुत्र्यांच्या टोळीत सोडला की काय होतं, हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो.

अकराव्या दिवशी दुपारी भाजीवाल्याची पिकअप बोलावली. मुलगी खोलीचं दार लावून बसली. बायकोनं एक आख्खी भाकरी आणून माझ्या हातात दिली, तुकडे करून नाही, आख्खी, आणि लगेच आत गेली. जाळी मी पुढं धरली. त्यानं आपणहून नाक आत घातलं. तुकडा मिळतो अशी सवय होती ना. माझ्या हातात तुकडा नव्हता.

पूर्णा नदी ओलांडून आम्ही खूप पुढं गेलो. जिथं मला कुणी ओळखत नाही अशा रस्त्यावर, सोयाबीन निघून गेलेल्या मोकळ्या रानाजवळ गाडी थांबवली. मी जाळी काढली. भाकरी बांधावर ठेवली. तो गाडीतून उतरेना. जांभई दिली. जीभ नाकावर फिरवली. तोंड वळवलं, डोळ्याचा कोपरा पांढरा झाला. अंग ताठ. मला सगळं वाचता येत होतं, पहिलीच्या पोराला पाटी वाचता यावी तसं. ड्रायव्हरनं दोर धरून ओढला.

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मी त्याच्या आवाजाची वाट बघत होतो. एकदा गुरगुरला असता तर मी म्हणालो असतो, थांब, मागं सर, परत चल. असं मला वाटतं. दादाला काय सांगायचं ते सांगितलं असतं. ड्रायव्हरनं पुन्हा ओढला, मानेला दोर काचला, त्याचे पुढचे पाय फळीवर घसरले. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं. हात खालीच होता.

तो काहीच बोलला नाही. मीच त्याला गप म्हटलं होतं.